रविवारची साक्ष

"आता वर्गात मी मांजराक दूध घातलंय म्हणान सांगतलंय. तू काय सांगतलंस?"

"तुमच्याकडे मांजर खंय आसा?"

"टीचराक काय म्हायत?"

कपेलाच्या, म्हणजे वाडीतल्या छोट्या चर्चच्या, मागच्या भिंतीशी, मुलं चपला काढतात तिथे, दोघे उभे होते. मी आत खोलीत खडू शोधत होते आणि खिडकी उघडी होती. त्यांच्याकडे मांजर नाही हे मला माहीत होतं. एक कुत्रा होता, तोही शेजाऱ्यांचा. पाच मिनिटांनी तो मुलगा वर्गात उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "ह्या आठवड्यात मी एका उपाशी मांजराक दूध घातलंय," आणि मी म्हणाले, "छान."

हा प्रकार मीच सुरू केला होता. रविवारच्या मिसेनंतर, फादरांचा प्रार्थनाविधी आटोपला की, कपेलाला लागून असलेल्या खोलीत दोत्रीन असते, म्हणजे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग. शिकवणाऱ्या बाई मुलीकडे मस्कतला गेल्या आणि फादरांनी मला विचारलं. मला नाही म्हणता येत नाही. सात मुलं होती, सगळी ईस्टरनंतर पहिलं कम्युनियन, म्हणजे प्रभूभोजनाचा पहिला प्रसाद, घेणारी. माझं शिक्षण हॉस्टेलवर राहून इंग्रजी माध्यमात झालेलं, प्रार्थना इंग्रजीत पाठ. मुलं मालवणी बोलायची आणि मी पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे, एखाद्या बँकेतल्या बाईसारखी. नुसती पाठांतरं करून घ्यायला मला लाज वाटायची. श्रद्धा घरी, शाळेत, रस्त्यावर कशी जगायची ते शिकवावं असं मला वाटलं. माझ्या इंग्रजी पुस्तकात त्यासाठी 'विटनेस' हा शब्द होता. आईला मराठी शब्द विचारला. ती विळीवर सुरमई कापत होती. मान वर न करता म्हणाली, "साक्ष."

शब्द चुकीचा नव्हता. फादरही प्रवचनात म्हणतात, येशूचे साक्षीदार व्हा. पण आमच्या गावात साक्ष हा शब्द दोनच ठिकाणी ऐकू येतो, पंचनाम्यात आणि जमिनीच्या कज्जात. कुणाच्या आजोबांनी कुणाच्या बांधाबद्दल साक्ष दिली आणि मग दोन घरं तीस वर्षं बोलली नाहीत, अशा गोष्टी ही मुलं जेवताना ऐकत होती. मी हॉस्टेलवर होते. मला हे माहीतच नव्हतं.

एका मुलीने विचारलं होतं, "टीचर, साक्ष म्हणजे बघलेलां सांगूचां?"

"हो," मी म्हणाले. "जे पाहिलं, जे केलं, ते खरं खरं सांगायचं. कुणाला राग आला तरी."

मराठीत एक सरळ उत्तर देता आलं म्हणून मला बरंही वाटलं होतं.

मग दर रविवारी दहा मिनिटं साक्ष. मांजराला दूध, आजीचे पाय चेपले, भावाला मोबाईल दिला, वर्गात कॉपी केली नाही ("पेपर सोपो होतो म्हणान," मागून कुणीतरी). प्रश्न विचारणारी ती मुलगी मात्र कधीच काही बोलायची नाही. नऊ वर्षांची, चौथीतली. खिडकीशी बसायची. मी तिला कधी उठवलं नाही. गप्प बसणाऱ्या मुलांना उभं केलं की काय होतं ते मला ठाऊक आहे.

तिचे वडील बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. घर चालवायचा तो वडिलांचा धाकटा भाऊ, तिचा काका. त्याची पांढरी गाडी होती. पर्यटकांना बीचवर, किल्ल्याला, गोव्याच्या विमानतळावर न्यायचा. रविवारी तोच कपेलात कीबोर्ड वाजवायचा आणि गायचाही. आवाज चांगला होता. पाऊस असला की वाडीतल्या मुलांना गाडीत भरून दोत्रीनला आणायचा, आणि मी चालताना दिसले तर गाडी थांबवायचा. "बस गो, बाय. पगार नाय देत तुका, निदान गाडी तरी." मला तो आवडायचा. हे सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्यामुळे कठीण झालं.

जानेवारीत आमच्या रस्त्यावर अपघात झाला. मासे विकणारी मावशी, जी माझ्या लहानपणापासून डोक्यावर पाटी घेऊन दारात येते, सकाळी काजूच्या बागेशेजारच्या वळणावर चालत होती. मागून गाडी आली, धडकली आणि निघून गेली. मावशीच्या खुब्याचं हाड मोडलं. कणकवलीला नेऊन ऑपरेशन केलं, पण आता ती पूर्वीसारखी चालणार नाही असं डॉक्टर म्हणाले. गाडी पांढरी होती, एवढंच तिला आठवत होतं. सीझन होता, रस्ताभर पांढऱ्याच गाड्या. सगळे म्हणाले, पर्यटकांची असणार, पुण्याची. ग्रामपंचायतीत गतिरोधकाचा अर्ज गेला. आम्ही मिसेत तिच्यासाठी प्रार्थना केली. त्या प्रार्थनेनंतरचं गाणं काकाने वाजवलं.

त्याच रविवारी वर्ग संपल्यावर ती मुलगी खुर्च्या रचायला थांबली. मी फळा पुसत होते. माझ्या पाठीशी तिचा आवाज आला.

"टीचर, माझी साक्ष आसा. पण सगळ्यांसमोर नको."

"सांग ना."

"गेल्या आठवड्यात शनवारी माझी बस चुकली. काका माका शाळेत सोडूक येत होतो. तो मोबाईल बघी होतो. मगे वळणार मोठो आवाज झालो. मी इचारलंय, काय झालां? काका म्हणालो, नारळ पडलो गाडीर."

तिने एक खुर्ची दुसरीवर ठेवली, नीट बसली की नाही ते पाहिलं.

"मी मागे वळान बघलंय. रस्त्यार बांगडे होते."

मी अजून फळ्याकडेच तोंड करून होते. हातातलं फडकं फळ्यावर टेकलेलं होतं. मी विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"कोणाक नाय. तुमकाच पयलां."

या जागी मी काय म्हणायला हवं होतं याची अनेक वाक्यं मी नंतर तयार केली. मराठीत, इंग्रजीत. त्या वेळी मी वळले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आपण यासाठी प्रार्थना करू हं."

तिने मान हलवली. आम्ही डोळे मिटले. मी इंग्रजीत काहीतरी पुटपुटले, जे तिला समजणं शक्य नव्हतं.

घरी मी आईलाही सांगितलं नाही. स्वतःला कारणं देत राहिले. मुलीने नीट पाहिलं नसेल. फादरांना सांगावं, पण फादर रविवारी मिसेपुरतेच येतात, आणि आले की त्यांच्याभोवती माणसं असतात. पोलिसांत जायचं तर कोण म्हणून जायचं? वाडीत आमची ख्रिस्ती लोकांची चौदा घरं. सगळ्यांचं एकमेकांवाचून अडतं. काकाच्या गाडीच्या कमाईवर त्या मुलीची शाळा, तिच्या आजीची औषधं. आणि मी. लग्नाच्या जेवणात दुसऱ्यांदा भात मागायलाही मला धीर होत नाही.

पुढच्या आठवड्यात काकाने माझ्यासाठी गाडी थांबवली. नाही म्हणायला कारण सुचलं नाही म्हणून मी बसले. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याला नवा रंग होता, जुन्यापेक्षा थोडा जास्त पांढरा. मी त्याकडे पाहिलं असेल, तेही क्षणभरच. तो म्हणाला, "नारळ पडलो गो. आता झाडांचो पण भरवसो नाय." मग हसला. बस गो, म्हणतानाचं ते हसू नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला दिसली. जानेवारीनंतर तो कम्युनियन घ्यायला उठत नव्हता. लोक रांगेत जायचे तेव्हा तो कीबोर्ड वाजवत राहायचा, आणि रांग संपली तरी वाजवायचा. वाजवणारा माणूस, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कबुली न दिलेलं पाप मनावर असलं की कम्युनियन घेत नाहीत. मी तेही मनात ठेवलं. मनात ठेवणं मला चांगलं जमतं.

आईने मावशीसाठी पेज आणि लोणचं देऊन मला पाठवलं. मावशी ओटीवर खाटेवर होती. सून आत. मला पाहून म्हणाली, "ये गो कॉन्व्हेंट. मासे संपले आज."

मी हसले. तिची चौकशी केली.

"लोक म्हणतत पुण्याचो होतो," ती म्हणाली. "पुण्याचो असतो तर थांबलो असतो. उतरान इचारल्यान असतां, बांगडो कसो दिलंस?" ती स्वतःच हसली आणि हसताना कंबर धरली. पेजेवर माशी बसली ती तिने हाकलली.

"पाय काय परत येवचो नाय. तेचां काय नाय. पण जो कोण होतो, तेना माका बघल्यान आणि गेलो, की बघूकच नाय? तेवढांच माका कळाक होयां. रात-दीस तांच डोक्यात."

मला उत्तर माहीत नव्हतं. उत्तर माहीत असलेली मुलगी कुठे राहते ते मात्र माहीत होतं. मी म्हणाले, "येते, मावशी," आणि रिकामा डबा विसरून घरी आले.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. मुलांनी चॉकलेट सोडायचं नि कार्टून सोडायचं यापेक्षा काही खरं करावं म्हणून मी ठरवलं की दर आठवड्याला दोघांनी एका आजारी माणसाकडे जायचं, थोडा वेळ बसायचं, काम विचारायचं. सहा घरांची यादी फळ्यावर लिहिली. अर्धांगवायू झालेले आजोबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनची बाई, असे. वाडीतली आणि वाडीबाहेरचीही.

ती खिडकीशी होती. तिने हात वर केला. पहिल्यांदाच.

"टीचर, मासेवाल्या मावशीचां घर यादीत नाय."

"ते लांब पडेल तुम्हाला."

"लांब नाय. आमच्या खळ्यातसून दिसता."

मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. तिने हात खाली घेतला आणि त्यानंतर माझ्याकडे पाहिलं नाही.

मावशीकडे ती एकटी गेली. शाळेतून आल्यावर, युनिफॉर्मवर, दप्तरासकट. हे मला नंतर मावशीच्या सुनेने सांगितलं. दारात उभी राहून म्हणाली, "मी साक्ष देवक इलंय." सुनेला वाटलं पोरांचा खेळ आहे. मावशी म्हणाली, "दी बाय, दी," आणि मुलीने सांगितलं. मोबाईल, वळण, नारळ, बांगडे. मावशीने मध्ये एकच गोष्ट विचारली. मुलगी म्हणाली, "आरशात बघल्यान. मगे गाडी जोरात काढल्यान."

मावशीने भिंतीकडे तोंड केलं. मग सुनेला म्हणाली, "तिका खाजां दी. सकाळपासून उपाशी दिसता."

मावशीचा मुलगा शांत माणूस. तो त्याच संध्याकाळी काकाकडे गेला. काकाने नारळ सांगितला. मुलीच्या आईने सगळ्यांसमोर मुलीला मारलं. दुसऱ्या दिवशी ती कोपराखाली रुमाल बांधून शाळेत गेली, हे मी रस्त्यावरून पाहिलं आणि गेटच्या आड झाले. वाडीत बोलणं सुरू झालं. पोर टीव्ही बघता. बाप हंय नाय, म्हणान लक्ष वेधून घेता. कोणीतरी शिकवल्यान तिका. 'कोणीतरी' म्हणताना बायका आमच्या घराकडे बघायच्या.

मावशीचा मुलगा फादरांना भेटला. त्याचं म्हणणं एवढंच होतं: पोलिसांत जायचं की नाही ते आम्ही नंतर ठरवू, आधी मुलगी खरी की खोटी ते तुमच्या लोकांनी सांगावं. रविवारी मिसेनंतर तो कपेलाबाहेर चिंचेखाली येऊन थांबला, आणि आम्ही आमच्या वर्गाच्या खोलीत बसलो. फादर, कपेलाच्या कमिटीचे अध्यक्ष, जे निवृत्त हेडमास्तर आहेत, मुलीची आई, काका, तीन-चार मोठी माणसं. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर सगळे गुडघे वर करून बसलेले. मुलगी मध्ये उभी.

अध्यक्ष बैठकीत शुद्ध मराठी बोलतात. ते म्हणाले, "बाळा, लहानपणी असं होतं. स्वप्न आणि खरं एक वाटतं. बाहेर मावशींचा मुलगा उभा आहे ना, त्याला जाऊन सांगायचं, माझी चूक झाली. मग हा विषय संपला. तुझं कम्युनियनही वेळेवर होईल."

मुलगी म्हणाली, "स्वप्न नाय."

"मग काय ते?"

"साक्ष."

कुणीतरी जीभ टाळूला लावून च्यक केलं. तिची आई रडायला लागली. "घरच्या माणसाक असां कोण करता? तेच्याच गाडीत बसतंस, तेच्याच हातचां खातंस." मग आणखी खालच्या आवाजात, "ह्या वर्षा कम्युनियन नकोच तिका, फादर. खोटां बोलणाऱ्या पोराक कसलां कम्युनियन?"

"मी खोटां बोलूक नाय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

काका खाली बघत होता. हाताचे तळवे मांडीवर पुन्हा पुन्हा पुसत होता. मला वाटलं होतं तो ओरडेल, म्हणजे मला त्याचा राग धरता आला असता.

फादरांनी चष्मा काढला. "हा साक्षीचा प्रकार काय आहे?"

मग सगळे माझ्याकडे वळले. मी दाराशी उभी होते, बसले नव्हते. अध्यक्ष माझ्याशी सौम्यपणे बोलले. ते नेहमीच तसं बोलतात; त्यांना वाटतं मी मोठ्या शहराला पात्र होते आणि इथे अडकले. म्हणाले, "टीचर, मला वाटतं यात कुणाचाच दोष नाही. तुम्ही इंग्रजीत शिकलेल्या. तुम्ही सांगितलं एक, मुलीने घेतलं एक. साक्ष म्हणजे तुम्हाला सत्कर्म म्हणायचं होतं, बरोबर? तिला वाटलं काहीतरी पाहिलेलं सांगायचं, म्हणून तिने रचून सांगितलं. शब्दाचा घोटाळा. तुम्ही तसं सांगितलंत तर तिच्यावरही खोटेपणाचा डाग राहणार नाही."

ती वाट इतकी चांगली होती. मला तिच्यावरून नुसतं चालत जायचं होतं. त्यात थोडं खरंही होतं, शब्दाचा घोटाळा झालाच होता. मुलगी वाचली असती, म्हणजे निदान मला मनाशी तसं म्हणता आलं असतं. काका वाचला असता. मला 'हो' एवढंच म्हणायचं होतं, आणि 'हो' म्हणणं मला आयुष्यभर जमत आलं आहे.

खिडकीतून चिंचेखालचा माणूस दिसत होता. तो घड्याळ बघत नव्हता, मोबाईल बघत नव्हता. नुसता उभा होता.

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडून तिला काही अपेक्षा उरली नव्हती. ती फळ्याकडे बघत होती. फळ्यावर सहा घरांची यादी अजून तशीच होती.

"काय टीचर?" अध्यक्ष म्हणाले. "असंच ना?"

मी मराठी वाक्य जुळवत होते, पण ते जुळायच्या आत घरातली, आईची भाषा बाहेर आली. त्या खोलीत मी ती कधीच बोलले नव्हते.

"नाय," मी म्हणाले. "हिना माका जानेवारीतच सगळां सांगितल्यान. हां असांच, एक शब्द कमी नाय. ती खरी आसा. गप मी रवलंय."